बरगडीला मुका मार: पट्टा सोडा, श्वास सांभाळा

छातीला मुका मार लागला की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. घरातलं कुणीतरी आंबेहळद उगाळतं. दुसरं कुणीतरी मेडिकलमधून रुंद पट्टा आणून छाती करकचून आवळतं. आणि एखादं वडीलधारं माणूस बजावतं, "सारख्या गोळ्या खाऊ नकोस, उष्ण पडतात. थोडं सोसावं माणसानं."

आंबेहळदीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते पट्ट्याशी आणि त्या सोसण्याशी. बरगडीचा किरकोळ मार घरीच बरा होतो, त्यासाठी दवाखान्यात झोपून राहावं लागत नाही, हे खरं आहे. पण या दोन सवयींमुळे किरकोळ दुखापत छातीत कफ साचण्यापर्यंत आणि न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते, हेही तितकंच खरं आहे. वय जितकं जास्त, तितका हा धोका मोठा.

आपल्या सांगली भागात बरगडीला मार लागायला कारणं काही कमी नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीवर मोळ्या चढवताना पाय घसरतो. तासगावकडे द्राक्षबागेत काम करताना तोल जातो. गोठ्यात म्हैस मान झटकते आणि शिंग नेमकं कुशीत बसतं. तालमीत पट घेताना गुडघा छातीत लागतो. मोटारसायकल घसरून हँडल बरगडीवर आदळतं. आणि सगळ्यात जास्त, घरातल्या ओल्या फरशीवर पाय सटकून बादलीच्या किंवा कट्ट्याच्या कडेवर पडणं. रुग्ण वेगळे, गोष्टी वेगळ्या. आमच्यासमोर येताना मात्र बहुतेकांची तक्रार एकच असते: "डॉक्टर, श्वास घेतला की चमक मारते."

या एका वाक्यात या दुखापतीचं सगळं मर्म आहे. म्हणून आधी बरगडी काय काम करते ते पाहू.

बरगडीला सुट्टी नसते

आपल्याला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. वरच्या ७ जोड्या कूर्चेच्या दांडीने छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या असतात. पुढच्या ३ जोड्या आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडलेल्या, तर शेवटच्या २ पुढच्या बाजूने मोकळ्याच. दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायू असतात. श्वास आत घेताना हा सगळा पिंजरा वर आणि बाहेर सरकतो, फुफ्फुस पसरतं आणि हवा आत येते.

हात मोडला तर प्लास्टर घालून हात गळ्यात अडकवता येतो. पाय मोडला तर खाटेवर ठेवता येतो. बरगडीला ती सोय नाही. माणूस मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो, म्हणजे २४ तासांत २१,६००. तितक्या वेळा दुखरी जागा हलते. शिवाय खोकला, शिंक, जांभई, हसणं आणि कूस बदलणं आहेच.

मग शरीर आपली युक्ती काढतं. दुखू नये म्हणून माणूस नकळत उथळ श्वास घ्यायला लागतो. खोकला दाबतो. एका जागी अंग आखडून बसतो. अशा वेळी फुफ्फुसाच्या तळाशी असलेले हवेचे बारीक फुगे पुरेसे उघडत नाहीत, हळूहळू मिटतात. रोजचा कफ वर यायचा थांबतो आणि तिथेच साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढले की ताप येतो, धाप लागते आणि न्यूमोनिया होतो. हे पहिल्या दिवशी होत नाही. काही दिवसांनी, "मार तर तेव्हा लागला होता, आता हे कुठून आलं?" असं घरचे विचारू लागतात, तेव्हा होतं.

म्हणून बरगडीच्या दुखापतीत आपण हाडापेक्षाही श्वासाला जपायचं असतं. हाड स्वतःचं काम बहुधा नीट करतं. कुठलाही उपाय करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: याने मला खोल श्वास घेणं सोपं जाणार आहे की अवघड? याच फूटपट्टीने आता एकेक उपाय मोजू.

पट्टा

पट्टा आवळला की दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. ते खोटं नाही. छाती हललीच नाही तर दुखणार कशी? पण छाती न हलणं म्हणजेच फुफ्फुस न पसरणं. जे टाळायचं तेच पट्टा करतो, आणि तेही आराम पडल्याच्या समाधानासकट.

जुन्या वैद्यकीय पुस्तकांत चिकटपट्टीने अर्धी छाती आवळून टाकण्याची पद्धत दिलेली असे. ती मागे पडली ती याच कारणाने. आज साध्या बरगडीच्या दुखापतीसाठी छाती बांधू नये, असंच शिकवलं जातं. तरीही पट्टा विकला जातो आणि आमच्यापैकी काही जण तो लिहूनही देतात. कारण समजण्यासारखं आहे. रुग्णाला हातात काहीतरी दिसणारं हवं असतं. "तासातासाने दहा खोल श्वास घ्या" या सल्ल्याला खोकं नाही, किंमत नाही, त्यामुळे त्याला वजनही मिळत नाही. पाचशे रुपयांचा पट्टा मात्र उपचार वाटतो. आम्ही डॉक्टरांनी दोन मिनिटं जास्त बोलायचं टाळलं की ती जागा पट्टा भरून काढतो.

कुणी म्हणेल, "मी पट्टा बांधला होता, मला तर काही झालं नाही." धडधाकट पंचविशीतल्या माणसाला एका बरगडीच्या मारात कदाचित काही होणारही नाही. तो पट्ट्यामुळे बरा झाला नाही, पट्टा असूनही बरा झाला. तोच पट्टा सत्तरीतल्या आजोबांना, दम्याच्या किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाला बांधला तर हिशेब वेगळा होतो.

आधार हवाच असेल तर उशी वापरा. खोकला येईल असं वाटलं की छोटी उशी किंवा घडी घातलेली चादर दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी दाबून धरा, खोका आणि सोडून द्या. तेवढ्यापुरता आधार मिळतो आणि बाकी वेळ छाती मोकळी राहते.

सोसणं

आता दुसरं भांडण. आपल्याकडे दुखणं सोसणाऱ्याचं कौतुक होतं. "एवढं लागलं पण एक गोळी खाल्ली नाही," हे अभिमानाने सांगितलं जातं. इतर काही दुखण्यांत हे एक वेळ चालेल. बरगडीत चालत नाही. इथे वेदना कमी झाली तरच माणूस खोल श्वास घेतो, खोकतो आणि उठून फिरतो. त्यामुळे इथे वेदनाशामक गोळी फुफ्फुसासाठी घ्यायची असते. ती टाळण्यात शौर्य नाही.

बहुतेकांसाठी सुरुवात साध्या पॅरासिटामॉलने करावी. कोविडपासून ६५० मिलिग्रॅमची गोळी घरोघरी माहीत झाली आहे. धडधाकट प्रौढ माणसाने ती सहा-सहा तासांच्या अंतराने घेतली तर दिवसाचे २.६ ग्रॅम होतात. २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची हद्द आहे, ती ओलांडू नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, वय जास्त असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल, तर हद्द याहून बरीच खाली येते. अशांनी आधी विचारून घ्यावं. पहिले काही दिवस गोळी वेळेवर घ्या. कळ मारू लागली की मग शोधायची, असं करू नका. गोळी लागू पडल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने, श्वासाचा व्यायाम करा. ती त्यासाठीच घेतली आहे.

त्याने भागत नसेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या असतात. त्या चांगल्या लागू पडतात, पण सगळ्यांना चालत नाहीत. किडनीचा त्रास, पोटात अल्सर, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, दमा, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर दुकानातून परस्पर घेऊ नका. बीपी आणि मधुमेहाच्या रुग्णांनीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि पाकीट उलटून वाचा. "अंगदुखीची गोळी" म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वर वेगळं पॅरासिटामॉल घेतलं की नकळत दुप्पट होतं.

"सूज उतरायची गोळी" म्हणून सेरॅशिओपेप्टिडेज नावाचं औषध आपल्याकडे सर्रास जोडलं जातं. ज्या जपानमध्ये ते रुजलं, तिथल्या टाकेडा कंपनीने २०११ मध्ये आपलं हे औषध स्वतःहून बाजारातून काढून घेतलं, कारण चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तुमच्या चिठ्ठीत ते असेल तर "हे कशासाठी?" असं जरूर विचारा.

लेप, शेक आणि चोळणं

हळदीच्या बाबतीत सांगलीकराला कुणी काय सांगावं! आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मुक्या मारावर आंबेहळद लावायची रीत जुनी आहे. कातडी फाटलेली नसेल तर खुशाल लावा. लेपाने बरगडी लवकर जुळते असं मी म्हणणार नाही, पण त्याने श्वास अडत नाही, म्हणून आपल्या फूटपट्टीवर तो पास. खरचटलेल्या जागेवर मात्र नको, आणि लेप वाळू नये म्हणून वरून घट्ट फडकं गुंडाळणंही नको. तो पुन्हा पट्टाच झाला.

पहिले दोन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. त्यानंतर कोमट शेक बरा वाटत असेल तर तो घ्या.

चोळून घेणं आणि हाडवैद्याकडून "बरगडी बसवून घेणं" हे मात्र साफ बंद. बरगडी खांद्यासारखी निखळून बसवता येत नाही. ती खरंच मोडलेली असेल तर दाबण्या-चोळण्याने टोक आत सरकून फुफ्फुसाला टोचू शकतं. ज्या मिरजेत वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं, जिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या आरोग्यपंढरीच्या पंचक्रोशीत आजही माणसं मोडकी बरगडी चोळून घ्यायला जातात. याला अंतराचं कारण पुरत नाही. "काही लागलं नाही, चोळलं की बसेल," असं सांगणारा माणूस धीर देतो, आणि धीर द्यायला आम्ही कमी पडतो, हे खरं कारण आहे.

"एक्स-रेत काही निघालं का?"

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. साध्या एक्स-रेमध्ये मोडलेल्या बरगड्यांपैकी निम्म्यापर्यंत निसटतात. कूर्चेची इजा तर त्यात दिसतच नाही. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "काही झालं नाही" असा होत नाही. उलट, एक्स-रेत चीर दिसली म्हणून उपचारही बदलत नाहीत. मुका मार असो, कूर्चा दुखावलेली असो की बारीक अस्थिभंग असो, वेदना कमी करणं, खोल श्वास आणि वेळ, औषध तेच.

मग एक्स-रे कशासाठी? फुफ्फुसाभोवती हवा किंवा रक्त साचलंय का, हे पाहण्यासाठी. म्हणून तपासल्यावर डॉक्टर "गरज नाही" म्हणाले तर हट्ट धरू नका. आणि "काढायलाच हवा" म्हणाले तर पैसे वाचवू नका.

एक्स-रे नॉर्मल आल्यावर घरात आणखी एक गोष्ट घडते. पुरुषाला खाटेवर झोपवून ठेवतात आणि बाईला दुसऱ्या दिवशी धुण्या-भांड्याला लावतात. दोन्ही चूक. सतत झोपून राहिल्याने छातीत कफ साचतो, म्हणून पहिल्या दिवसापासून घरात चालायला हवं. आणि भरलेला हंडा, पाण्याची बादली, गॅसची टाकी, कडेवरचं मूल उचलणं बरेच आठवडे टाळायला हवं. "हाड मोडलेलं नाही ना, मग काय झालं?" असं सुनेला विचारण्याआधी स्वतः एकदा दुखरी बरगडी घेऊन कणीक मळून पाहा. मार "पडून" लागलेला नसेल, कुणी मारलं असेल, तर तेही डॉक्टरांना एकट्यात सांगा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. लपवलेला मार परत परत लागतो.

घरी काय करायचं

जागेपणी दर तासाला दहा श्वास. नाकाने सावकाश, सोसेल तितका खोल श्वास घ्या, दोन-तीन सेकंद धरा, तोंडाने हळू सोडा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मध्ये थांबा. दहा झाले की उशी दाबून एकदा-दोनदा खोका. कोविडमध्ये आणलेलं तीन गोळ्यांचं यंत्र माळ्यावर पडलं असेल तर काढा आणि नळी धुऊन घ्या. फक्त त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. पुष्कळ घरांत आजही फुंकतात.

झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा. उठताना सरळ उठू नका, आधी कुशीवर व्हा आणि हाताचा रेटा देऊन उठा. पाणी पुरेसं प्या, म्हणजे कफ पातळ राहतो. शौचाला कुंथावं लागलं तर कळ मस्तकात जाते, म्हणून पोट साफ ठेवा. बिडी-सिगारेट या काळात तरी पूर्ण बंद.

वेळ किती लागेल? मुका मार बहुधा दोन ते सहा आठवड्यांत बरा होतो. अस्थिभंग असेल तर सहा आठवडे धरा, कधी थोडं जास्त. पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो. त्यानंतर दुखणं रोज थोडं उतरायला हवं. पैलवानांनी आणि मोळ्या उचलणाऱ्यांनी दुखणं थांबलं की लगेच जोर लावू नये. सहा आठवडे होऊ द्या आणि डॉक्टरांना विचारून आखाड्यात किंवा फडात उतरा.

घरी थांबायचं नाही, असं कधी?

इथे घरगुती उपाय संपतात. पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा:

- धाप लागणं, ओठ निळसर होणं, बोलताना वाक्य तुटणं.
- थुंकीतून रक्त, ताप, पिवळा-हिरवा बेडका.
- दुखणं कमी होण्याऐवजी दिवसेंदिवस वाढणं.
- खालच्या बरगड्यांना मार लागून पोट किंवा खांदा दुखणं, चक्कर, घाम, लघवीतून रक्त. डावीकडच्या खालच्या बरगड्यांमागे प्लीहा असते, उजवीकडे यकृत, पाठीमागे मूत्रपिंडं.
- कातडीखाली बोटांना चुरचुर लागणं, किंवा छातीचा एखादा भाग श्वासाच्या उलट दिशेने हलणं.
- उंचावरून पडणं, वाहनाचा अपघात, एकापेक्षा जास्त बरगड्या दुखणं.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं.

धाप जास्त असेल, माणूस गळून गेला असेल, तर १०८ला फोन करा. रिक्षाची वाट पाहू नका.

आणि मार लागल्याचं आठवतच नसेल, तर छातीच्या दुखण्याला "उसण भरली" म्हणून मोकळे होऊ नका. हृदयविकाराचा झटकाही असाच "छातीत भरल्यासारखा" येतो. एकाच बाजूला पट्ट्यासारखं जळजळतं दुखणं नागिणीचे फोड उठण्याआधीही होतं.

घरातली वयस्कर माणसं

या यादीत मी मुद्दाम एक ओळ लिहिली नाही, कारण ती वेगळी लिहायची होती. वय ६५च्या पुढे असेल तर बरगडीचा मार किरकोळ आहे हे घरच्यांनी ठरवायचं नाही. एकदा तपासून घ्यायचंच.

अमेरिकेतल्या सिॲटल इथल्या डॉक्टरांनी २००० साली रुग्णालयात दाखल झालेल्या अशा वयस्कर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोडलेल्या बरगड्यांची संख्या एकेकाने वाढत गेली, तशी दर बरगडीमागे मृत्यूची शक्यता १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाची २७ टक्क्यांनी वाढत गेली. हे दाखल करावे लागलेले रुग्ण होते, घरी बरे होणारे नव्हेत, हे लक्षात ठेवू. पण वयस्कर फुफ्फुसाला उथळ श्वास किती महाग पडतो, हे त्यातून कळतं.

आपली म्हातारी माणसं सांगत नाहीत, हीच खरी अडचण. रात्री मोरीत पडलेली आजी सकाळी म्हणते, "काही नाही गं, जरा लचक भरली." मुलांना त्रास नको, खर्च नको, म्हणून ती सोसते. आपण त्याला तिचा काटकपणा म्हणतो. ती कमी बोलायला लागली, जेवण अर्ध्यावर टाकायला लागली, खोकला दाबायला लागली, अचानक असंबद्ध बोलायला लागली, तर तिची लचक बरगडीच्याही पुढे गेली आहे असं समजा.

घरात आत्ता कुणाला असा मार लागला असेल, तर एवढं करा. छातीला पट्टा असेल तर सोडा. ठरलेल्या वेळी गोळी द्या. मग समोर बसा आणि त्यांच्याबरोबर दहा श्वास मोजा. एक तासाने पुन्हा.